ब्रह्मपुरीच्या छावणीत मोठं कोण?

घरात स्टार वॉर्सचे सिनेमे बघणारं कुणी असेल तर हा वाद तुमच्याही कानावर आला असेल. अंतराळातला तो बादशहा, त्याचा उजवा हात म्हणजे काळ्या शिरस्त्राणातला दार्थ व्हेडर, आणि शिवाय टार्किन नावाचा एक सुभेदार. या दोघांत वरचा कोण? १९७७च्या पहिल्या सिनेमात व्हेडर भर बैठकीत एका अधिकाऱ्याचा गळा हातही न लावता आवळतो, आणि टार्किनने सांगितल्यावर मुकाट्याने सोडून देतो. म्हणजे टार्किन मोठा? पण मग व्हेडरला सैन्यात धड हुद्दा दिसत नसताना बाकीचे सगळे सरदार त्याला टरकून का असतात? पोरं यावर तासन्तास भांडू शकतात.

मला या वादात गोडी वाटते ती वेगळ्या कारणाने. हाच प्रश्न सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, भीमेच्या काठी, खराखुरा विचारला जात होता. चार वर्षांहून जास्त काळ. तिथला बादशहा खरा होता, त्याचे सरदार खरे होते, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्याची मनसब जायची, कधीकधी मान जायची.

मंगळवेढ्याच्या रस्त्यावरचं माचणूर सोलापूरकरांना सांगायला नको. सिद्धेश्वराचं देऊळ, घाट, खाली भीमेचं पात्र, पलीकडे बेगमपूर. औरंगजेबाने देवाला मांसाचं ताट पाठवलं, ते उघडलं तर आत फुलं निघाली, मांसाचा 'नूर' पालटला म्हणून मांसनूर आणि त्याचं माचणूर, ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. दंतकथा राहू दे. पण औरंगजेब इथे होता ही दंतकथा नाही. मे १६९५ ते ऑक्टोबर १६९९ एवढा काळ मोगल बादशाहीची मुख्य छावणी इथे, ब्रह्मपुरीला होती. त्याने गावाचं नाव बदलून इस्लामपुरी ठेवलं होतं. काबूलपासून कर्नाटकापर्यंतच्या राज्याचा कारभार दिल्लीहून नाही, आग्र्याहून नाही, आपल्या मंगळवेढा तालुक्यातून चालत होता!

त्याआधीही तो आपल्याकडे येऊन गेला होता. मे १६८५ मध्ये तो सोलापूरला आला आणि विजापूरच्या वेढ्यावर इथून वर्षभर नजर ठेवून होता. विजापूर सप्टेंबर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा सप्टेंबर १६८७ मध्ये. मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड गेला. कुणालाही वाटलं असतं की आता संपलं, म्हातारा परत जाईल. पण तो गेला नाही. त्याचं उरलेलं आयुष्य दख्खनमध्येच, बहुतेक तंबूत गेलं.

ही छावणी म्हणजे काय प्रकरण होतं त्याची कल्पना यावी म्हणून एका परक्या माणसाची साक्ष काढतो. जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी मार्च १६९५ मध्ये, म्हणजे ब्रह्मपुरीला मुक्काम हलण्याच्या दोनच महिने आधी, कृष्णाकाठच्या गलगल्याला औरंगजेबाला भेटला. त्याच्या अंदाजाने छावणीत पाच लाख माणसं होती आणि अडीचशे बाजार होते. प्रवाशाचा आकडा आहे, थोडं कमी धरा. तरीही ते एक चालतंबोलतं शहर होतं. आणि या शहरात प्रत्येक मोठ्या माणसाच्या कपाळावर जणू एक आकडा लिहिलेला होता.

तो आकडा म्हणजे मनसब. आपण 'पंचहजारी', 'सातहजारी' असं बखरींतून आणि नाटकांतून ऐकतो, पण हे प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. अकबराने ही पद्धत बसवली. पुढे प्रत्येक सरदाराला दोन आकडे मिळू लागले, 'जात' आणि 'सवार'. जात म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा दर्जा. दरबारात कुठे उभं राहायचं, स्वतःचा पगार किती, हे जातीवर ठरायचं. सवार म्हणजे किती घोडेस्वार पदरी बाळगण्याची जबाबदारी. (कागदावर आहेत तितके स्वार प्रत्यक्षात कुणीच ठेवायचं नाही. शाहजहानच्या काळात तर कुठे एक तृतीयांश, कुठे एक चतुर्थांश ठेवले तरी चालेल असा नियमच झाला.) ज्याची सवार जातीइतकी तो पहिल्या वर्गाचा, निम्मी किंवा त्याहून जास्त असली तर दुसऱ्या, निम्म्याहून कमी असली तर तिसऱ्या वर्गाचा. बाहेरच्या सरदाराने चढायचं ते साधारण सात हजारांपर्यंत. त्याच्या वर शाहजादे. दारा शुकोहचा आकडा साठ हजारांवर गेला होता.

म्हणजे कागदावर बघितलं तर 'मोठं कोण' हा प्रश्नच पडू नये. दोन आकडे बघा, मोकळे व्हा.

आकड्याची ताकद काय होती हे आपल्याला आग्र्याच्या प्रसंगावरून ठाऊकच आहे. १२ मे १६६६. शिवाजीमहाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. महाराज का भडकले हे समजायला मनसबीचं हे गणित माहीत हवं. आदल्याच वर्षी पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या संभाजीराजांना पाच हजारांची मनसब मिळाली होती. महाराजांना सोडून गेलेले नेताजी पालकर मोगलांकडे पंचहजारी झाले होते. म्हणजे लेक पंचहजारी, कालचा सेनापती पंचहजारी, आणि राजाही त्याच रांगेत! पुढची जागा जसवंतसिंहाची, ज्याच्या सैन्याची पाठ मराठ्यांनी पाहिलेली. महाराज बोलायचं ते बोलले आणि दरबारात पाठ फिरवून गेले. मोगल दरबारात जागेवरून माणसाचं मोल ठरतं हे त्यांना बरोबर कळलं होतं, म्हणूनच त्यांनी ते मोल मानलं नाही.

पण हाच आकडा ब्रह्मपुरीच्या छावणीत लावून पाहिला की गोंधळ सुरू होतो.

पहिला माणूस असदखान. १६७६ पासून वजीर. वय साठीच्या पलीकडे, सातहजारी, बादशहाच्या खालोखाल मान त्याचा. त्याचा मुलगा झुल्फिकारखान. रायगड घेतल्याबद्दल मिळालेला हा किताब, आधी त्याचं नाव इतिकादखान होतं. राजाराममहाराज जिंजीला गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर १६९० मध्ये हाच गेला आणि वेढा घालून बसला. पुढे मदतीला बापही गेला, आणि सोबत बादशहाचा धाकटा, लाडका शाहजादा कामबक्ष.

दर्जाने शाहजादा वर. प्रश्नच नाही. पण १६९२-९३च्या हिवाळ्यात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव जिंजीवर येऊन आदळले, मोगलांची रसद तुटली, बादशहा वारल्याची अफवा उठली, आणि कामबक्षाने गडावर राजाराममहाराजांशी आतून बोलणी सुरू केल्याचं उघड झालं. तेव्हा या बापलेकांनी काय करावं? चक्क शाहजाद्याला पकडून कैदेत टाकलं. बादशहाच्या मुलाला, बादशहाच्या नोकरांनी! पुढे त्याला बादशहापुढे हजर केलं गेलं. औरंगजेबाने मुलाला अखेर माफ केलं, आणि या दोघांनाही मोठी शिक्षा केली नाही. झुल्फिकारखान वेढ्यावर कायम राहिला.

म्हणजे आकड्याने शाहजादा मोठा, पण फौज कुणाचं ऐकते या हिशेबाने वजीर मोठा. आणि या दोन्हींच्या वर एक तिसरी गोष्ट, की नंतर म्हातारा कुणाची बाजू घेणार. असदखानाने हा शेवटचा हिशेब बरोबर मांडला होता. औरंगजेबाला मुलांबद्दल विश्वास कमीच. त्याने स्वतः बापाला कैदेत ठेवून गादी मिळवलेली, त्यामुळे मुलगा म्हणजे काय करू शकतो हे त्याला आतून माहीत. थोरला शाहआलम गोवळकोंड्याशी संगनमताच्या संशयावरून फेब्रुवारी १६८७ मध्ये कैदेत गेला तो १६९५ मध्ये सुटला. आठ वर्षं. हाच पुढे बहादूरशहा म्हणून गादीवर आला.

दुसरा माणूस गाजीउद्दीन फिरोजजंग. हा तुराणी, म्हणजे मध्य आशियातल्या घराण्यांच्या गटाचा म्होरक्या. असदखान आणि झुल्फिकार इराणी गटाचे. दोन्ही गटांचं पटायचं नाही, आणि ते पटावं म्हणून बादशहानेही कधी जिवाचं रान केल्याचं दिसत नाही. फिरोजजंगाची मोठी कामगिरी आपल्या सोलापूरच्या मुक्कामातली. विजापूरच्या वेढ्यात शाहजादा आझमची फौज उपासमारीला आली. बादशहाने माघारी यायला सांगितलं, आझम हटून बसला. तेव्हा धान्याचे तांडे घेऊन, वाटेतल्या विजापुरी फौजेला तोंड देत फिरोजजंग तिथपर्यंत पोचला आणि वेढा वाचवला. गोवळकोंड्याच्या वेढ्यात त्याचा बाप गोळा लागून गेला. १६८८च्या साथीत फिरोजजंगाचे डोळे गेले. दोन्ही डोळे. तरीही औरंगजेबाने त्याला बाजूला केलं नाही. त्याचा सातहजारी दर्जा राहिला आणि आंधळा सेनापती फौजा घेऊन फिरत राहिला. त्याच्या नावावर तुराणी स्वार गोळा होत, हीच त्याची किंमत. डोळे असोत नसोत. त्याचा मुलगा चिनकिलिजखान, हैदराबादचा पुढचा निजाम. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता उलट्या बाजूची माणसं बघा. ज्यांचा आकडा या बड्या धेंडांच्या मानाने लहान, पण ज्यांच्या तंबूसमोर गर्दी असायची.

हमीदुद्दीनखान नावाचा एक सरदार होता. संभाजीराजांना पकडल्यावर त्यांना आणायला बादशहाने पाठवला तो हाच. लोक त्याला 'नीमचा-ए-आलमगिरी' म्हणायचे. नीमचा म्हणजे आखूड तलवार. आलमगीर बादशहाची कमरेची छोटी तलवार! मोठी मोहीम असो नसो, कमरेला कायम. टोपणनावात त्याची सगळी नोकरी आली. दुसरा इनायतुल्लाखान. याची आई शाहजादी झेबुन्निसेची शिक्षिका होती, त्या ओळखीने घरात आला. पुढे पगार आणि जहागिरी वाटण्याचं दप्तर याच्या हातात. बादशहाची अनेक पत्रं याच्या लेखणीतून गेली. सातहजारी सरदार रणांगणात वाघ असेल, पण त्याची जहागीर पिकाऊ परगण्यात नेमायची की ओसाड, हे ज्या दप्तरात ठरतं तिथल्या माणसाला तो सलाम केल्याशिवाय कसा राहील? सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि ज्यांना मनसबच नाही अशी एक व्यक्ती होती, झीनतुन्निसा बेगम. औरंगजेबाची मुलगी. दख्खनच्या सगळ्या मुक्कामांत जनानखान्याचा कारभार तिच्याकडे. चुकलेल्या शाहजाद्यांसाठी रदबदली करायची ती तिने. रायगड पडल्यावर येसूबाई आणि शाहूराजे छावणीत आले तेव्हा त्यांचा सांभाळ झाला तो बराचसा तिच्यामुळे. दरबाराच्या कुठल्याच रांगेत ही बाई उभी नसायची. पण पुढच्या सगळ्या इतिहासावर तिचा हात आहे.

आणि इथे मी ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुलगा येतो.

शाहूराजे. जन्म मे १६८२ चा. कैद झाले तेव्हा सात वर्षांचे. औरंगजेबाने या सात वर्षांच्या मुलाला 'राजा' किताब दिला आणि मनसब दिली ती सात हजारांची! म्हणजे आजोबांना उभं केलं पंचहजारींच्या रांगेत, वडिलांचे हालहाल करून प्राण घेतले, आणि नातवाला दर्जा दिला तो थेट वजिराच्या तोडीचा. तंबू कुठे? बादशहाच्या तंबूंभोवती लाल कापडाचं कुंपण असायचं, गुलालबार. त्याच्या आत. पण त्या कुंपणाबाहेर मर्जीने जाण्याची सोय नाही. आकडा सगळ्यांत मोठा, सत्ता शून्य. बादशाही यादीत सातहजारी, खऱ्या अर्थाने कैदी.

ब्रह्मपुरीच्या मुक्कामाचा काळ म्हणजे शाहूराजांचं तेरा ते सतरा हे वय. या वयात मुलगा जे बघतो ते विसरत नाही. भीमेच्या काठी त्याने काय काय पाहिलं असेल याचा विचार माचणूरच्या घाटावर बसलं की मनात येतोच. त्याने पाहिलं असणार की मोठे मोठे सरदार एकमेकांचे पाय कसे ओढतात. वजिराचा मुलगा जिंजी मुद्दाम लांबवतोय अशी कुजबुज. (ती कुजबुज मोगलांच्याच लोकांनी लिहून ठेवली आहे. गड जिंकला गेला १६९८च्या सुरुवातीला, आणि त्याआधी राजाराममहाराज अलगद निसटले होते.) एकाला चढवायचं तर दुसऱ्याला त्याच्या बरोबरीला आणून ठेवायचं, ही म्हाताऱ्याची रीत. कुणाच्याही हातात एवढं काही द्यायचं नाही की त्याच्यावाचून अडेल.

आणि त्याने बहुधा एक मुंडकंही पाहिलं असेल. तेव्हा आता पलीकडच्या बाजूला जाऊ, कारण हे सगळं 'त्यांचंच' होतं असं समजायला नको.

याच काळात संताजी घोरपड्यांनी मोगलांची दाणादाण उडवली होती. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडून त्यांनी शरण आणली. कासिमखान त्यातच संपला. जानेवारी १६९६ मध्ये हिम्मतखान मारला गेला. ब्रह्मपुरीत बसलेल्या बादशहाला या बातम्या एकामागून एक येत होत्या. अशा सेनापतीला मराठ्यांच्या राज्यात काय स्थान असावं? पण संताजी आणि धनाजी यांच्यात वर कोण हे कधी मिटलंच नाही. संताजी कडक, फटकळ, शिस्तीचा. धनाजी माणसं धरून ठेवणारे. राजाराममहाराजांशी संताजीचं बिनसलं, सेनापतिपद गेलं, आणि दोन मराठी सेनापती एकमेकांवर चालून गेले. शेवटी जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात एकटे पडलेल्या संताजींना म्हसवडच्या नागोजी मान्यांनी मारलं. मान्यांच्या मेव्हण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं, त्याचा सूड. ते डोकं फिरोजजंगाच्या हाती लागलं आणि ब्रह्मपुरीला पोचलं. ते घेऊन येणाऱ्याला बादशहाने किताब दिला 'खुशखबरखान'. ज्या माणसाला मोगल सरदार संपवू शकले नाहीत, त्याला आपणच आपल्या भांडणात संपवलं, आणि किताब तिकडे वाटला गेला.

किताबांची आपल्याकडेही तेव्हा चांगलीच रेलचेल झाली होती. जिंजीला राजाराममहाराजांनी प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवीन पद काढलं, अष्टप्रधानांच्याही वर. इकडे रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह'. राज्य अडचणीत असलं की द्यायला पैसा नसतो, मग पदं दिली जातात. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. त्या पदांच्या मानकऱ्यांनीच राज्य वाचवलं. पण पदाच्या वर पद चढवलं की खालच्या पदाची किंमत उतरते.

मोगलांकडे तर हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. अतहर अली या इतिहासकारांनी एकहजारी आणि त्यावरच्या सरदारांची मोजदाद केली आहे. १६५८ ते १६७८ या काळात असे ४८६ सरदार, त्यांत मराठे २७. पुढच्या १६७९ ते १७०७ या काळात एकूण ५७५, आणि त्यांत मराठे ९६. म्हणजे दुसऱ्या काळात दर सहा बड्या मनसबदारांत जवळजवळ एक मराठा. विजापूर-गोवळकोंड्याचे सरदार फोडायचे, मराठे फोडायचे, प्रत्येकाला मनसब द्यायची. पण मनसब म्हणजे पगार, पगार म्हणजे जहागीर, आणि जमीन काही आकड्यांबरोबर वाढत नाही. नवा मनसबदार हातात नेमणुकीचा कागद घेऊन जहागिरीची वाट बघत वर्षानुवर्षं बसे. मिळाली तरी बारा महिन्यांच्या पगाराची म्हणून दिलेली जमीन कधी सहा महिन्यांचाही पैसा द्यायची नाही. वर तिथे मराठे आधीच चौथाई वसूल करून गेलेले. 'एक अनार सौ बीमार' असा सगळा मामला. ज्यांना वाट पाहणं परवडत नसे ते मराठ्यांशी आतून जुळवून घेत. मग त्या पाचहजारीला अर्थ काय राहिला?

ऑक्टोबर १६९९ मध्ये ऐंशी ओलांडलेला औरंगजेब किल्ले घ्यायला स्वतः निघाला. जनाना, जड सामान, कुटुंबकबिला मातीचा कोट बांधून ब्रह्मपुरीलाच ठेवला, असदखानाच्या ताब्यात. वसंतगड, सातारा, परळी घेऊन झालं, आणि ऑक्टोबर १७०० मध्ये आपल्याच सांगोला तालुक्यातल्या खवासपूरला माण नदीला रात्रीचा पूर आला. छावणी वाहून निघाली. गडबडीत बादशहाचा पाय घसरला, गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. दरबारी लोक म्हणाले, वा, हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! त्या दरबारात लंगडेपणसुद्धा किताब होऊ शकत होता. आणि घोड्यावरून हिंडता न येणाऱ्या या बादशहाला तेव्हाही एक माणूस असा नव्हता ज्याच्या हाती मोहीम सोपवून तो निवांत बसेल. नव्हता म्हणजे, त्याने होऊच दिला नव्हता.

३ मार्च १७०७ ला तो नगरला वारला आणि सगळे आकडे रद्दी झाले. शाहजादे एकमेकांवर धावले. झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने आझमने शाहूराजांना सोडलं, मराठ्यांत दुफळी पडावी हा हेतू. तशी ती पडलीही. पुढे बहादूरशहाच्या दरबारात सरदेशमुखीच्या सनदेचा प्रश्न आला तेव्हा झुल्फिकारखानाने शाहूंची बाजू घेतली, वजीर मुनीमखानाने ताराबाईंची. बादशहाला दोघांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून त्याने तुम्हीच काय ते ठरवा म्हणत तोड काढलीच नाही. आपली घरची लढाई अशी दिल्लीच्या दोन सरदारांच्या चढाओढीत अडकली. झुल्फिकारखान १७१२ मध्ये वजीर झाला आणि १७१३ मध्ये नव्या बादशहाच्या हुकमाने गळा दाबून मारला गेला. म्हातारा असदखान मुलाच्या मागे १७१६ पर्यंत जगला. चिनकिलिजखानाने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खन स्वतःकडे घेतलं. छावणीतला प्रत्येक मोठा माणूस शेवटी फक्त स्वतःपुरता मोठा झाला. बादशाही कुणाचीच राहिली नाही.

आणि तो सातहजारी कैदी?

मला नेहमी असं वाटतं की शाहूराजांनी त्या छावणीचा धडा अगदी उलटा गिरवला. औरंगजेबाने कुणावर विश्वास टाकला नाही. शाहूंनी टाकला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७२० मध्ये ते वारल्यावर प्रतिनिधींसारख्या जुन्या मानकऱ्यांना न रुचणारी गोष्ट केली आणि जेमतेम विशीच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली. कागदावर प्रतिनिधी पेशव्याच्या वर होते. पण पराक्रम करील त्याला मोठं होऊ द्यायचं, आणि मोठा झाला म्हणून त्याचे पंख छाटायचे नाहीत, हे शाहूराजांचं धोरण. त्याच धोरणावर राज्य नर्मदेपलीकडे गेलं.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूराजे गेले. लगेच पुढच्या वर्षी, १७५० मध्ये, प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव बिघडले, त्यांच्यावर सदाशिवरावभाऊ सांगोल्याला चालून गेले, सोबत नवे छत्रपती रामराजे. आणि तिथेच सांगोल्याचा करार झाला. त्याने कारभाराची सगळी सत्ता पेशव्यांच्या हाती गेली आणि छत्रपतींकडे राहिला मान. सगळ्यांत वरचा मान, पण खाली काही नाही. माचणूरच्या गुलालबारातल्या त्या मुलाचा जो दर्जा होता, थेट तसाच. ब्रह्मपुरी, खवासपूर, सांगोला. नकाशावर बोट ठेवून बघा, किती जवळजवळ आहेत.

तेव्हा हाताखालच्यांना मोठं होऊ न देणारा बादशहाही बुडाला आणि मोठं होऊ देणाऱ्या राजाच्या वारसाकडे नुसता मान उरला. मग बरोबर कोण? मला विचाराल तर मी शाहूंच्या बाजूने. औरंगजेबाने सत्ता मरेपर्यंत हातात ठेवली, आणि मागे उरली ती पन्नास वर्षांची यादवी आणि उजाड झालेला मुलूख. शाहूंच्या हातून सत्ता निसटली, पण ती ज्यांच्या हातात गेली त्यांनी ती काही काळ तरी पुढे नेली. घरात, दुकानात, संस्थेत आपणही हेच दोन मार्ग बघतो. शेवटच्या श्वासापर्यंत किल्ल्या कमरेला लावून बसलेले आजोबा, आणि वेळेवर किल्ल्या देऊन मग नुसत्या नमस्काराचे धनी झालेले. दुसऱ्यांना थोडं वाईट वाटतं, हे खरं आहे. पण त्यांचं घर बहुधा उभं असतं.

कधी मंगळवेढ्याकडे जाणार असाल तर माचणूरला दहा मिनिटं थांबा. पाच लाख माणसांच्या त्या शहराचं तिथे जवळजवळ काही शिल्लक नाही. थोडा तट, एक नाव आणि खाली वाहती भीमा. सिद्धेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत मात्र अजून कुणी मनसब विचारत नाही.